मानवी हक्क शिकायचेत? विदर्भातल्या खेड्यातून सुरुवात कशी करायची आणि पुढे काम कुठे मिळतं

"ताई, मानवाधिकारात एमए केलं तं नोकरी लागते का?"

मागच्या उन्हाळ्यात झरी तालुक्यातली एक पोरगी हे विचारायला माझ्याकडे आली. सोबत तिचे बाबा, पाच एकर कोरडवाहू कापूस, आणि त्यांना एवढंच पाहिजे होतं की पोरीला पाठवायचं तर कुठे पाठवायचं आणि शेवटी हाती काय लागेल. एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, दोन तास बसलो, चहा दोनदा झाला. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण वणी, घाटंजी, धारणी, अहेरी कुठूनही पोरं हाच प्रश्न घेऊन येतात आणि नागपूर-पुण्याच्या काउन्सेलिंगमध्ये त्यांना याचं नीट उत्तर मिळत नाही.

आधी खरं काय ते सांगते. नुसत्या "मानवी हक्क" नावाच्या डिग्रीवर आपल्याकडे फार कमी जागा निघतात. पण वकिली किंवा समाजकार्य यापैकी एक पाया घेतला, त्यावर मानवी हक्कांचा अभ्यास चढवला, आणि अर्ज लिहिणं, फाईल वाचणं, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणं हे हाताला लागलं, तर कामाच्या जागा बऱ्याच आहेत, आणि त्यातल्या कितीतरी आपल्याच जिल्ह्यात आहेत.

पहिली पायरी: विषय नेमका काय आहे ते बघा

कॉलेजात शिकवतात ते थोडक्यात असं. १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, त्यात ३० कलमं आहेत. पहिल्या कलमात आधी "सर्व पुरुष" अशा अर्थाचा शब्द होता, तो बदलून "सर्व माणसं" करायला लावलं ते भारताच्या हंसा मेहतांनी. पुढे १९६६ चे दोन मोठे करार आले, एक नागरी-राजकीय हक्कांचा आणि एक आर्थिक-सामाजिक हक्कांचा, भारत त्यात १९७९ मध्ये सामील झाला. आपल्या संविधानाचा तिसरा भाग म्हणजे मूलभूत हक्क, ते मोडले तर सुप्रीम कोर्टात आणि हायकोर्टात जायची वाट देणारी कलम ३२ आणि २२६, मग १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा, त्यातून आलेला राष्ट्रीय आयोग आणि राज्यांचे आयोग. हे सगळं पाठ होतं, अवघड नाही.

पण विषय कळतो तो निकाल वाचताना. इंडियन कानून या साईटवर फुकट वाचायला मिळतात, आणि पहिला निकाल मी सगळ्यांना एकच सांगते: तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. लोक त्याला मथुरा प्रकरण म्हणतात. हे दिल्लीचं नाही, आपल्या देसाईगंजचं आहे, वडसा म्हणतो ना आपण तेच, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिस ठाण्याच्या आवारात अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये परत सोडलं, का तर अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमतीच होती. मग १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाला उघड पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिस किंवा सरकारी नोकराच्या ताब्यात असताना अत्याचार झाला, शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तेच धरून चालायचं अशी तरतूद आली.

निकाल आणि ते पत्र शेजारी ठेवून वाचा. एकाच घटनेकडे न्यायाधीश कसे बघतात आणि त्या मुलीच्या जागी उभं राहून बघणारा माणूस कसा बघतो, हा फरक ज्याला वाचताना टोचला त्याने या विषयात यावं. ज्याला काहीच वाटलं नाही त्याने दुसरं काही शिकलेलं बरं, तीन-पाच वर्षं आणि घरच्यांचा पैसा दोन्ही वाचतील, हे मी मनापासून सांगते.

दुसरी पायरी: पाया निवडा

बारावी झाली असेल तर दोन रस्ते. एक, पाच वर्षांचं एलएलबी. दोन, बीएसडब्ल्यू (समाजकार्याची डिग्री) किंवा साधं बीए आणि त्यानंतर तीन वर्षांचं एलएलबी नाहीतर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पीजी. घरची परिस्थिती बेताची असेल तर मी दुसरा रस्ता सांगते, कारण बीए तालुक्याच्या गावी होतं, तेवढी तीन वर्षं घराजवळून निघतात, आणि मध्येच थांबावं लागलं तरी हातात डिग्री असते.

राज्यातल्या लॉ कॉलेजांसाठी सीईटी सेलची लॉ सीईटी द्यावी लागते, तीन वर्षांची आणि पाच वर्षांची वेगवेगळी. खुल्या प्रवर्गाला आधीच्या परीक्षेत ४५ टक्के लागतात, एससी-एसटीला ४०. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही प्रश्न सोडून यायचं नाही. नागपूरजवळ वारंग्याला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, तिथे मात्र क्लॅट ही वेगळी प्रवेश परीक्षा लागते, ती इंग्रजीत असते, चुकलं की मार्क कापतात आणि फी पण जास्त. मराठी मीडियमच्या पोरांनी क्लॅट देऊच नये असं मी म्हणत नाही, पण सोबत राज्याची सीईटी भरलेली असलीच पाहिजे. नागपूरचं विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर लॉ कॉलेज जुनं आहे आणि आपल्याकडचे कितीतरी वकील तिथलेच. बऱ्याच विद्यापीठांत एलएलबीचे पेपर मराठीत लिहिता येतात, ॲडमिशनच्या आधी कॉलेजात विचारून घ्या.

समाजकार्याचं म्हणाल तर नागपुरात तिरपुडे आणि मातृसेवा संघ ही दोन जुनी कॉलेजं आहेत, वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयातही एमएसडब्ल्यू आहे. मुंबईच्या टिसमध्ये, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेत, आता पीजीला सीयूईटी या देशपातळीवरच्या परीक्षेतून जावं लागतं, त्यांचंच तुळजापूरला दुसरं कॅम्पस आहे आणि तिथे ग्रामीण विकासाचा अभ्यास चांगला होतो. एमएसडब्ल्यू कुठूनही करा पण फील्डवर्क खरं होतं का ते सीनियरला विचारा. काही ठिकाणी नुसत्या वहीवर सह्या होतात, आणि मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत ते उघडं पडतं.

तिसरी पायरी: त्यावर मानवी हक्क चढवा

इग्नूचं मानवी हक्कांचं सर्टिफिकेट आहे, सहा महिन्यांचं, बारावीनंतर करता येतं, घरून होतं. बीएच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला सोबत करून टाका, विषय झेपतो का ते कमी पैशात कळतं. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा मानवी हक्क कायद्याचा पीजी डिप्लोमा दूरशिक्षणाने होतो, तो इंग्रजीत आहे पण नाव चालतं. पूर्णवेळ एमए करायचं तर दिल्लीचं जामिया, लखनौचं बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ, अशा केंद्रीय विद्यापीठांत बघा, फी खाजगीच्या मानाने कमी असते आणि हॉस्टेलही. एलएलबी झालेल्यांना एलएलएममध्ये मानवी हक्क हा विषय घेता येतो. शिकवायचं असेल तर यूजीसी नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत "मानवी हक्क आणि कर्तव्ये" हा स्वतंत्र विषय आहे, जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप. ही फेलोशिप आपल्याकडच्या पोरांसाठी फार मोठी गोष्ट आहे, पीएचडी करताना घरी पैसे पाठवता येतात. बार्टी, महाज्योती, सारथी आणि आदिवासी संशोधन संस्था या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या प्रवर्गाच्या पोरांसाठी स्पर्धा परीक्षांचं ट्रेनिंग आणि फेलोशिप देतात, महाज्योतीचं तर मुख्यालयच नागपुरात आहे, त्यांच्या साईट महिन्यातून एकदा तरी उघडत जा.

इथे एक गोष्ट थांबून सांगते. गावोगावी "मानवाधिकार" नावाच्या संघटना फिरतात, पैसे घेऊन आयकार्ड देतात, तालुकाध्यक्ष, जिल्हाध्यक्ष अशी पदं देतात, गाडीला लावायला पाटी देतात. माझ्या ओळखीच्या एका पोराने बापाला सोयाबीनचे आलेले पैसे मागून असं कार्ड घेतलं आणि ठाण्यात जाऊन दाखवलं, तिथे त्याची जी बेइज्जती झाली त्यानंतर तो कित्येक दिवस घराबाहेर पडला नाही. कायद्याने उभा असलेला राष्ट्रीय आयोग एकच, दिल्लीचा, आणि राज्याचा एकच, मुंबईचा. ते कुणाला तालुकाध्यक्ष करत नाहीत. आणि त्यांच्याकडे तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही. घटना झाल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र करावी लागते, हे लक्षात ठेवा, बरीच प्रकरणं यातच मरतात.

चौथी पायरी: शिकता शिकताच काम धरा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच लोक टाळतात.

माझं सांगते. एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला मी सुट्टीत घरी आले होते आणि एका संस्थेसोबत कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, जायला लागले. तिथे एक आजोबा होते, कसत असलेल्या जंगलजमिनीसाठी वनहक्काचा दावा केलेला, आणि तो फेटाळला गेला होता. त्यांना हे कळलं आठ महिन्यांनी, ते पण दुसऱ्याच कामाला गेले तेव्हा कुणीतरी सहज बोललं म्हणून. आम्ही माहितीच्या अधिकारात फाईलची नक्कल काढली, दहा रुपयांचा अर्ज. फाईलमध्ये कारण लिहिलं होतं दोन शब्द, "पुरावा अपूर्ण". बस.

आजोबा मला वावरात घेऊन गेले. "कागद नाही म्हणते थे लोकं, पण हे हीर तं आहे ना बाई, माह्या बापानं खंदली." विहीर होती, दगडात बांधलेली, काठावर दोरीच्या घासण्याने पडलेल्या खाचा बोटभर खोल. बांधावर मोहाची झाडं, आणि पलीकडे त्यांच्या वाडवडिलांना पुरलेली जागा. आता वनहक्काच्या नियमांमध्ये पुराव्यांची जी यादी आहे त्यात विहीर आहे, दफनभूमी आहे, पवित्र जागा आहेत, गावातल्या दुसऱ्या वयस्कर माणसाचा लिहून घेतलेला जबाब पण आहे, आणि एकापेक्षा जास्त पुरावे द्यायचे असतात. म्हणजे पुरावा समोर उभा होता, तो कागदावर कुणी आणला नव्हता. आम्ही फोटो काढले, शेजारच्या पोडावरच्या एका म्हातारीचा जबाब मी कोलामी समजणाऱ्या पोराला सोबत घेऊन लिहिला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. आणि अर्जात मुद्दा टाकला की फेटाळल्याचं कळवलंच नाही, कारण दिलं नाही, ऐकून घेतलं नाही, मग अपिलाचे साठ दिवस मोजायचे कुठून?

कॉलेजात आम्ही नैसर्गिक न्यायाचं तत्त्व परीक्षेसाठी पाठ केलं होतं, कुणाच्याही विरोधात निर्णय देण्याआधी त्याचं ऐका. पाठ करून मार्क मिळाले होते, पण त्याचा अर्थ मला त्या विहिरीच्या काठावर कळला. दावा फेरतपासणीला परत आला. पुढे आणखी दीड वर्ष गेलं.

आणि या सगळ्यात मी जे सगळ्यात कामाचं शिकले ते म्हणजे पोच. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. बाबू म्हणतो "ठेवून जा, साहेब बघतील", आपण शांतपणे म्हणायचं "हो दादा, पण पोच द्या". आवाज चढवायचा नाही, हलायचंही नाही. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं होतं आणि मग डिग्रीचा काही उपयोग नाही.

तर काम धरायचं कुठे? तालुका विधी सेवा समितीत जा, कोर्टाच्या आवारातच असते, आणि पॅरालीगल व्हॉलंटियर, म्हणजे कायदेशीर मदतीचे स्वयंसेवक, म्हणून कधी नावं घेतात ते विचारा. याला वकील असावं लागत नाही. पगार नाही, कामाच्या दिवसाचं मानधन असतं, पण एफआयआर, रिमांड, जामीन, पोटगी हे सगळं डोळ्यासमोर होताना दिसतं. इथेच कळतं की बाई, मूल, एससी-एसटी, दिव्यांग, कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि गावात हे दहातल्या एकालाही माहीत नसतं. १५१०० हा त्यांचा हेल्पलाईन नंबर, मोबाईलमध्ये सेव्ह करा. राष्ट्रीय आयोगाची इंटर्नशिप असते, दिल्लीला जाऊन आणि ऑनलाईन पण, त्यांच्या साईटवर जाहिरात येते. गडचिरोलीची सर्च ही संस्था तरुणांसाठी निर्माण शिबिरं घेते. आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला एकदा जाऊन या, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, सुमारे १८०० हेक्टर जंगल. ग्रामसभेत मागे बसा, बोलू नका, नुसतं ऐका.

पाचवी पायरी: पुढे काम कुठे मिळतं

वकिली केली तर एलएलबीनंतर बार कौन्सिलची सनद आणि ऑल इंडिया बार परीक्षा. सनदेची फी आधी हजारोंमध्ये जायची, सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं की खुल्या प्रवर्गाकडून ७५० आणि एससी-एसटीकडून १२५ रुपयांच्या वर घेता येणार नाही. कुणी जास्त मागितले तर हा निकाल दाखवा. सुरुवातीची दोन-तीन वर्षं सीनियरकडे फार कमी मिळतं, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आता आरोपींच्या बचावासाठी पगारी वकिलांची पदं आहेत, लीगल एड डिफेन्स कौन्सिल म्हणतात, ती कराराची असतात, आणि गरीब आरोपीसाठी उभं राहणं हे मानवी हक्कांचंच काम आहे.

एमएसडब्ल्यू किंवा एलएलबीवाल्यांसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्ष: विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, क्षेत्रीय कार्यकर्ता. जाहिरात जिल्ह्याच्या सरकारी वेबसाईटवर येते, अर्जाला दहा-पंधरा दिवस देतात आणि गावातल्या पोरांना मुदत संपल्यावर कळतं. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये केस वर्करची कामं असतात. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, केसमध्ये लहान मुलासोबत तपासापासून कोर्टापर्यंत राहणारा सपोर्ट पर्सन लागतो, त्याची नेमणूक बालकल्याण समिती करते, आणि कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी बोलणारा माणूस तिथे सापडता सापडत नाही. तुमच्या घरची भाषा यापैकी असेल तर ती बायोडेटाच्या पहिल्या पानावर लिहा, शेवटी "इतर" मध्ये नको. मेळघाटातली मुलगी काय म्हणतेय हे कळायला दुभाषा लागला की अर्धी गोष्ट तिथेच सांडते.

संस्थांमध्ये वनहक्क, ऊसतोड आणि वीटभट्टीचे मजूर, शेतकरी विधवा, शाळाबाह्य मुलं यावर कामं असतात. मुलाखतीला जाताना विचारा की प्रोजेक्ट किती वर्षांचा आहे, पीएफ आहे का, फिरण्याचा खर्च वेगळा मिळतो का. विचारायला लाजू नका, हक्कांचं काम करणाऱ्याने स्वतःचा हक्क सोडायचा नसतो. एसबीआय यूथ फॉर इंडियासारख्या फेलोशिप तेरा महिन्यांच्या असतात, अनुभव म्हणून चांगल्या. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमध्ये जायचं तर आधी काही वर्षांचं जमिनीवरचं काम आणि चांगलं लिखित इंग्रजी हवं, थेट कॉलेजातून ती स्वप्नं बघू नका, पण सोडूही नका. एमपीएससी देणाऱ्यांनाही हा अभ्यास जीएसच्या पेपरला कामी येतो.

या कामात झोप उडते हे पण सांगून ठेवते. पहिल्या पोक्सो केसनंतर मी आठवडाभर नीट जेवले नव्हते. सोबत बोलायला एखादी सीनियर ताई किंवा दादा ठेवा, एकट्याने पोडावर, टोल्यावर जाताना घरी सांगून जा, आणि पीडिताचं नाव, गाव, फोटो कधीच स्टेटसला टाकू नका, चांगल्या हेतूने सुद्धा.

कागदं आणि पैसा

ॲडमिशन हुकतं ते मार्कांमुळे कमी आणि कागदांमुळे जास्त. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, अकरावीतच अर्ज टाका. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना आधारला बँक खातं जोडलेलं आहे का ते आधी तपासा, नाहीतर मंजूर झालेला पैसा अडकतो. हॉस्टेल नाही मिळालं तर एससीसाठी स्वाधार, एसटीसाठी स्वयम्, ओबीसीसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे त्यातून निघतात. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीच्या मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, पण ॲडमिशन सरकारी कॅप राऊंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, पाहिजे, त्यामुळे एजंटच्या नादी लागून थेट सीट घेऊ नका.

झरीची ती पोरगी बीएला वणीला लागली, इग्नूचं सर्टिफिकेट सोबत सुरू केलंय. तिच्या बाबांना मी उठता उठता एवढंच सांगितलं की उत्पन्नाचा दाखला दरवर्षी एप्रिल लागला की नवीन काढून ठेवा, निकाल लागल्यावर सेतू केंद्रात लाईन गेटच्या बाहेर जाते आणि सर्व्हर पण तेव्हाच बसतो.